दाराच्या नावाची चिठ्ठी

फुकट ते पौष्टिक, असं मानणारा मी माणूस. जपानी लिहा-वाचायला शिकायचं ठरवलं तेव्हाच ठरवलं, यासाठी कुणाला फी द्यायची नाही. अक्षरं गिरवायचं फुकट अ‍ॅप मोबाइलमध्ये घेतलं, रेघांचा क्रम दाखवणारे कागद वाचनालयातून छापून आणले, आणि एका हसऱ्या मास्तरणीचे व्हिडिओ पाहू लागलो. कारण एकच, नात. लेकीनं जपानातच संसार थाटलाय. नात फोनवर बोलते आपलं, पण लिहिते तिकडचं. तिच्या चित्रांखालच्या ओळी दुसऱ्या कुणी मला वाचून दाखवाव्यात, हे मला सहन होईना.

माझा धंदा कुलपांचा. दार अडलं तर त्याला कारण असतं. बिजागरी उतरते, लाकूड फुगतं, चौकट हलते. भुतानं दार धरलं असं म्हणणारी गिऱ्हाइकं मी हसून वाटेला लावलीत.

मास्तरणीनं सांगितलं, घरातल्या वस्तूंवर त्यांची नावं चिकटवा. मला पटलंच. दुकानात प्रत्येक चावीला चिठ्ठी बांधल्याशिवाय मी ती खिळ्याला लावत नाही. जाड कागदावर मी जपानीत लिहीत गेलो, खुर्ची, आरसा, खिडकी, आणि बायको चिकटवत गेली. ‘दार’ चार रेघांचं, सुटसुटीत. ‘भिंत’ एकदम भरगच्च. तिनं नेमकी अदलाबदल केली. आतल्या खोलीच्या दारावर ‘भिंत’ लागली, आणि आत तिच्या शिलाई मशीनमागच्या भिंतीवर ‘दार’.

“असू दे,” मी म्हटलं. “चुकीचं बघून बरोबर आठवायचं. तोही अभ्यासच.”

“आळस म्हणा की सरळ, पंडित,” ती म्हणाली. मी शिकायला लागल्यापासून ती मला पंडित म्हणायची, आणि मला ते आवडायचं.

आठवडाभरात ते दार जड झालं. मी बिजागऱ्यांना तेल दिलं, कड रंध्यानं तासली. चौकटीची फट सगळीकडे सारखी, नख आरपार जाईल एवढी. तरी दार खांदा लावल्याशिवाय हलेना. पुढे फटीत नखही शिरेना. टकटक केली तर आवाज भरीव यायचा. लाकडाचा आवाज मी झोपेतही ओळखतो. हा तो नव्हता.

आत बायकोची वेगळीच तक्रार होती. “मागून गार वारा येतो हो. दोरा सारखा उडतो.”

त्या भिंतीपलीकडे काही नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि भिंतीबाहेर नुसती हवा. मी हात फिरवून पाहिला. भेग नव्हती, ओल नव्हती. चिठ्ठीचा खालचा कोपरा मात्र हलत होता.

रविवारी मशीनजवळच्या उजेडात बसून नातीला व्हिडिओ फोन लावला. चिठ्ठी बघून ती खो खो हसली. “आजोबा, चुकलं! ती भिंत आहे!” मग ती जराशी पुढे झुकली. “की नाही? उघडलंय ते.”

मी मागे वळून पाहिलं. भिंत होती.

“कोण आहे तिथे?” तिनं विचारलं, आणि फोन कट झाला.

चिठ्ठ्या तेव्हाच बदलायला हव्या होत्या. पण पोरीच्या बोलण्याला घाबरून चिठ्ठ्या काढायच्या, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या खोलीत अक्षरं गिरवत होतो. आत मशीन चालू होतं. ते थांबलं.

“अहो, कोण आलंय?” आतून बायकोचा आवाज आला.

“कुणी नाही.”

“मग दार कुणी उघडलं?”

मी उठलो. आमच्यामधलं दार बंद होतं. खांदा लावला, लाथ मारली. हत्यारांची पेटी आणली, पण पटाशी घुसवायला फटच नव्हती. मी तिला हाका मारत होतो. 

मी दारावरची चिठ्ठी ओरबाडली. तिच्याखाली रंगवलेलं लाकूड नव्हतं, चुना होता.

 मी नवा कागद घेतला आणि रेघांचा क्रम न चुकवता लिहिलं. दार. तळहातानं दाबून चिकटवलं.

बोट लागताच ते उघडलं.

बायको मशीनशी पाठमोरी बसली होती. चाक पुन्हा हळूहळू फिरत होतं. मी भिंतीवरची चिठ्ठी आधी फाडली, मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता.

“घाबरवलंस मला,” मी म्हटलं. मला रडू येत होतं.

“चहा ठेवते,” ती म्हणाली. आवाज तिचाच. ती उठली, आधी भिंतीकडे गेली, तिथे दोन्ही हातांनी चाचपलं, मग वळून दारातून बाहेर आली.

त्या दिवसापासून तिनं मला पंडित म्हटलेलं नाही.

ती चहा करत ओट्याशी उभी असतानाच मला ते दिसलं. मानेखाली, पदराच्या कडेला, जाड कागदाची चिठ्ठी. तिच्यावरचा जपानी शब्द मी कधी लिहिला नव्हता. अक्षर माझं नव्हतंच, माझ्या हाताला इतकं वळण कधी आलं नाही. पण सुटी अक्षरं लावून वाचता आला.

आजी.

चिठ्ठीचा एक कोपरा सुटत आला होता. मी जवळ गेलो आणि तो अंगठ्यानं नीट दाबून बसवला.