शाई परत आली

माझं काम लोकांना अक्षरं वाचायला लावण्याचं. डोळ्यांच्या दवाखान्यात मी नजर तपासते. समोरच्याच्या नाकावर जड फ्रेम चढवायची, एकेक भिंग बदलत जायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारून मला एक खोड लागली आहे. दिसत नाही असं कुणी म्हणालं की मी आधी डोळ्यात दोष शोधते. त्याच्या मनात डोकावायला नंतर जाते.

त्यामुळे त्या सकाळी नवऱ्याने "कुठली मांजर?" असं विचारलं तेव्हा मी घाबरले नाही. चिडले.

आमची मांजर म्हणजे शाई. पांढरीशुभ्र, पुढचा एकच पंजा काळाभोर, दौतीत बुडवून काढल्यासारखा. तिला नवऱ्यानेच आणलं होतं. तो बांधकामवाल्यांसाठी इमारतींची छोटी मॉडेल्स करतो. जाड पुठ्ठ्याच्या भिंती, पातळ प्लास्टिकच्या खिडक्या, स्पंजची झाडं, बोटाच्या पेराएवढी माणसं. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांबरोबर टेम्पोतून एक ओरडणारं पिल्लू उतरलं आणि दिवस मावळायच्या आत ते त्याच्या टेबलावरच्या दिव्याखाली पाय ताणून झोपलं होतं. नाव त्यानेच ठेवलं. ती दिव्याच्या उबेत लोळायची आणि तो तिला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून काम करायचा. आमची मुलगी ठमी तर म्हणायची, "बाबाच्या दोन मुली आहेत. एक शाळेत जाते, एक जात नाही."

मग ती वसाहत झाली. म्हणजे पुठ्ठ्याची. आठवडेच्या आठवडे तो वाकून बसला होता. बत्तीस बंगले, मधे बाग, बागेत बाकं. ज्या दिवशी ती न्यायला माणसं यायची होती त्या सकाळी शाई त्या वसाहतीच्या मधोमध निजलेली सापडली. अर्धे बंगले तिच्या अंगाखाली सपाट झाले होते आणि एक झाड तिच्या मिशीला चिकटलं होतं. मला हसू फुटलं. नवऱ्याने आवाज चढवला नाही. चुरगळलेली एकेक भिंत चिमटीने उचलून त्याने केराच्या डब्यात टाकली, शेवटच्या बाकापर्यंत. ते काम हातचं गेलं, नंतर त्या लोकांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाई नाहीशी झाली. नवरा ठमीला खांद्यावर घेऊन गल्ल्या-गल्ल्यांतून हिंडला. ती वरून हाका मारायची, तो खालून. घसा बसेपर्यंत दोघांनी हाका मारल्या.

आणि त्या सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत शाई बसलेली. मान खाली, अंग ओलं. बाहेर ऊन होतं. मी तिला टॉवेलात गुंडाळून खसाखसा पुसलं, पण केस काही कोरडे होईनात, विशेषतः मानेभोवतीचे. ठमी आनंदाने नाचत होती. तेवढ्यात नवरा दाढीचा साबण गालावर तसाच घेऊन बाहेर आला.

"काय झालं?"

"शाई आली!" ठमी ओरडली.

"कुठली मांजर?" तो म्हणाला. "कुठंय?"

"बाबा, तुझ्या पायाशी!"

त्याने खाली पाहिलं. शाई मान वर करून त्याच्याकडे एकटक बघत होती. तो हसला, लहान मुलांच्या खेळात मोठी माणसं हसतात तसा, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं.

मी त्याला दवाखान्यात नेलं. माझ्याच खुर्चीत बसवलं. तळाच्या ओळीतलं मुंगीएवढं अक्षरसुद्धा त्याने घडाघडा वाचलं. डॉक्टरांनी आतून बाहेरून डोळे तपासले. "अशी नजर आम्हाला मिळाली तर काय हवं," ते म्हणाले.

घरी येऊन मी माझ्या पद्धतीने तपासणी केली. वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, शाईला त्याच्यावर बसवलं आणि म्हटलं, "वाच." ती मांडी घातल्यासारखी ऐसपैस बसली होती, अर्धं पान तिच्याखाली. तो वाचत गेला. बातमीचा मथळा, मग खालचा मजकूर, न अडखळता. मी शाईला उचललं आणि ताडून पाहिलं. एक शब्द चुकला नव्हता.

शाईचं वजन मला जाणवत होतं, तिची घुरघुर माझ्या छातीत वाजत होती.

"ती इथे आहे," मी म्हटलं. "माझ्या कडेवर."

"नाही."

"मला दिसतेय. ठमीला दिसतेय."

"ती येऊच शकत नाही." त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"का?"

त्याने उठून दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग ठमी आसपास नाही याची खात्री करून हळू आवाजात बोलला. गच्चीवरचं पाण्याचं पिंप. पुठ्ठे येतात ती गोणी. "मी हात वर घेतला नाही," तो म्हणाला. "ती थांबेपर्यंत नाही घेतला. माझं डोकं फिरलं होतं गं." पुढे म्हणाला, "मग गाडीत घालून लांब पुरून आलो. मी स्वतः माती लोटलीय."

आणि ठमीला खांद्यावर घेऊन हाका मारत हिंडला होता.

शाई माझ्या कडेवर शांतपणे काळा पंजा चाटत होती. माझा ब्लाउज ओला झाला होता. हे काय आहे, कसं आहे, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारायला हवा होता. मी विचारला नाही. मला इतकंच वाटलं, की तुला दिसत नाही ना, बरं झालं. ती दिसावी अशी तुझी लायकीच नाही.

मी तिला मुद्दाम त्याच्या टेबलावर नेऊन ठेवू लागले. तिच्याशी त्याच्या देखत बोलू लागले, लाडे लाडे. तो मान खाली घालून काम करायचा आणि त्याच्या मानेवर काटा उभा राहिलेला मला स्पष्ट दिसायचा.

शाईत एक फरक पडला होता. पूर्वी ती येता-जाता सगळ्यांच्या पायांना गाल घासायची. मांजर गाल घासतं म्हणजे हे माझं आहे असं सांगतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आता ती माझ्या मांडीवर बसायची, ठमीच्या उशाशी झोपायची, पण गाल लावायची नाही. मला थोडं लागलंही ते.

गाल तिने पहिल्यांदा लावला तो टेबलावरच्या कटरला. सावकाश, डोळे मिटून. दोन्ही बाजूंनी. थोड्या वेळाने नवरा टेबलावर सगळं उचकायला लागला. कटर त्याच्या मनगटापाशी पडलेला होता. तो बाजारात जाऊन नवा घेऊन आला.

मग पोलादी पट्टी. मग त्याचा चहाचा मग. मग स्टूल. स्टूल त्याला नडगीवर लागलं, रक्त आलं, आणि तो आ वासून रिकाम्या जमिनीकडे बघत राहिला. म्हणजे लागायचं सगळं. दिसायचं तेवढं नाही.

मला उलगडा झाला तो दिव्यापाशी. शाईने दिव्याच्या दांडीला गाल घासताना मी दारातून पाहिलं. नवरा आत आला, दिव्याच्या पिवळ्या उजेडात बसला, त्याची सावली मागे भिंतीवर पडली, आणि मला विचारता झाला, "दिवा कुठे नेऊन ठेवलास?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती. त्याने जे हिरावून घेतलं होतं त्याची एकेक वस्तूने भरपाई होतेय, असं मला वाटत होतं. तो वाळत चालला होता. घरात हात पुढे करून, पाय घासत चालायचा, आंधळ्यासारखा, तीच तळाची ओळ वाचणारे डोळे घेऊन. फक्त ठमी घरी आली की त्याच्या चेहऱ्यावर रंग यायचा. तिला मांडीवर घेऊन तिच्या केसांत तोंड खुपसून बसायचा. म्हणायचा, "तू आहेस ना? मग झालं."

त्या रविवारी दुपारी ठमी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. शाई कपाटावरून उतरली, अंग ताणलं आणि ठमीकडे गेली. आधी कपाळाने तिच्या हनुवटीला ढुशी दिली. मग डोळे मिटून तिच्या गालाला गाल लावला आणि लांबलचक घासत नेला.

"ओली आहेस गं तू," ठमी खिदळली.

माझ्या हातातला टॉवेल गळून पडला.

नवरा आतून आला. "ठमी कुठंय?"

"मी इथंच आहे बाबा!"

त्याने स्वयंपाकघरात डोकावलं. गॅलरीत पाहिलं. "ठमे? ए ठमाबाई?"

ठमीला वाटलं, लपाछपीच आहे. तिने मला ओठांवर बोट ठेवून खूण केली. मला ओरडायचं होतं, पण ओरडून सांगणार काय? तो खुर्चीत बसून चपला घालायला वाकला. ती चवड्यांवर मागून गेली आणि त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून त्याच्या पाठीवर चढली.

तो किंचाळला. माणूस असं किंचाळू शकतो हे मला माहीत नव्हतं. गळ्यातले हात त्याने ओरबाडून सोडवले आणि जे काही होतं ते सगळ्या ताकदीने भिरकावून दिलं. टेबलाच्या कडेवर हाड मोडल्याचा आवाज आला.

ठमी रडत होती. तो भिंतीला पाठ लावून स्वतःचा गळा चाचपत होता.

"काहीतरी होतं," तो मला म्हणाला. "अंगावर चढलं होतं. त्याला... लहान हात होते."

"ती ठमी आहे. ठमी आहे ती!"

"ठमी कुठंय?" तो म्हणाला.

दवाखान्यात ती माझ्या मांडीवर होती, एका हाताला कोपरापासून प्लास्टर. शेजारच्या खुर्चीत बसून तो मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. ती दुसऱ्या हाताने त्याची बाही ओढायला गेली. मी तिचा हात धरला.

"बाबा माझ्यावर रागावलाय का?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझे मोठे दीर येऊन त्याला आपल्या घरी घेऊन गेले. औषधांचं दुकान चालवणारा शांत माणूस, पण दारातून ते मागे वळले. "पोरगी समोर उभी आहे," ते मला म्हणाले, "आणि हा मला विचारतोय, दादा, हिने तिला कुठे लपवलंय?"

मी शाईला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"धडधाकट आहे की," ते म्हणाले. "हिला कायमचं झोपवायचं ते कशासाठी?"

"घरात लहान मूल आहे. त्याला इजा झालीय."

"कुणाला तरी देऊन टाका."

"नको. कुणालाच नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. फक्त सुई भरताना म्हणाले, "हिचं अंग एवढं ओलं का?"

मी तिला धरून ठेवलं. तिने अंगाला झटका दिला नाही. काळा पंजा माझ्या मनगटावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली, मग बघायची थांबली. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. मी म्हटलं, मलाही ऐकू द्या. त्यांनी नळ्या माझ्या कानात घातल्या. आत काही नव्हतं. मी बराच वेळ ऐकत राहिले.

घरी आल्यावर दिरांना फोन केला. "काही फरक?"

"नाही," ते म्हणाले. "आत्ता तुझ्यामागून ठमीचा आवाज फोनवर आला ना, मी त्याच्या कानाला फोन लावला होता. म्हणाला, नुसती खरखर येतेय."

ठमीला मी सांगितलं की शाई बाबासारखीच थोडे दिवस दुसरीकडे राहायला गेली आहे. तिने मान डोलावली. घर कोरडं वाटू लागलं. मी कामावर जाऊ लागले. लोकांना पुन्हा विचारू लागले, आता बरं दिसतंय, की मघाशी?

परवा संध्याकाळी दवाखान्यातून परतले. शेजारच्या वहिनी ठमीला सोडून नुकत्याच गेल्या होत्या. ठमी गॅलरीच्या दारात मांडी घालून बसली होती. प्लास्टरचा हात मांडीवर, दुसरा हात हवेत सावकाश पुढे-मागे फिरत होता.

"काय करतेस गं?"

"आई, तू पण ना," ती म्हणाली. "तिला बाहेरच ठेवलंस. केव्हाची दारात बसली होती."

तिच्या मांडीवर काहीच नव्हतं. फ्रॉकवर एक ओला डाग होता. तो पसरत होता.

मी चपला न काढता तिच्याकडे धावले. तिच्या मांडीवरून, खांद्यांवरून, गळ्यापाशी हात फिरवले. बोटांना गार, भिजलेले केस लागले आणि निसटले.

"अगं, तिला ढकलू नकोस ना!" ठमीने हनुवटी वर केली, डोळे अर्धवट मिटले आणि हसायला लागली. "बघ, आता गालाला गाल लावतेय."

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत घट्ट धरला आणि बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी मी पापणी मिटू दिली नाही.