एक घर चुकलेली बटणं

थंडीबद्दल मला कोणी काही सांगू नये. ऐन हिवाळ्यात, धुकं पडलेलं असताना, उघड्या अंगानं हौदात उडी घेणारा आमच्या आळीत मी एकटाच. आता उडी म्हणजे अगदी उडी नव्हती. शेवाळावरून पाय घसरला होता, आणि टॉवेल कठड्यावरच राहिला होता. बाहेर काढायला शेजारणी धावल्या, त्या अजून माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावतात. पण ते राहू द्या. दिवा जरा इकडे सरकवा, आणि तुम्ही भिंतीला टेकून बसा. पाठीमागे मोकळी जागा ठेवू नका. का ते मागाहून कळेल.

गोष्ट मुकादमाची आहे. कोल्ड स्टोरेजचा मुकादम. सफरचंदांच्या पेट्या आत ठेवायच्या, बाहेर काढायच्या, हमालांवर ओरडायचं, हे त्याचं काम. उरलेला वेळ गंमत करायची. कुणाच्या चपला पत्र्यावर फेक, कुणाच्या चहात मीठ घाल. समोरचा चिडला की मुकादम पोट धरून हसायचा. ‘गंमत हो, गंमत! रागावता काय?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. मीही आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण माझ्या खोड्यांनी फार तर माणूस ओला होतो.

त्या सकाळी मुकादमाला हसू येत नव्हतं. त्याचा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ, थोड्या दिवसांपूर्वी कोल्ड स्टोरेजच्या खोलीत गोठून मेला होता. सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, आणि तो मुकादमाच्याच हाताखाली हमाली करायचा. मुकादमानं सगळ्यांना सांगितलं होतं, की धाकटा सुट्टी झाल्यावर चोरी करायला आत शिरला आणि दार लागून अडकला. खिशात दोन सफरचंदं सापडलीच होती. आज चौकशीचा साहेब येणार होता. मुकादमानं तेवढंच पुन्हा सांगायचं, मग कागद बंद, धाकटा कायमचा चोर, आणि मुकादम मोकळा.

साहेबापुढे गाल गुळगुळीत हवेत म्हणून तो दाढीला निघाला. बायको दाराशी उभी होती. मुकादमाला एक वाईट खोड होती. कोटाची असोत, शर्टाची असोत, बटणं लावताना तो नेहमी एक घर चुकायचा. एक बाजू वर, एक खाली, शेपटीसारखा कोपरा लोंबतोय. लग्न झाल्यापासून बायको रोज सकाळी उंबऱ्यात त्याला थांबवून ती सोडायची आणि पुन्हा लावायची. ‘एवढे मोठे झालात, पण शेंबूड पुसायचा तेवढा बाकी आहे,’ म्हणायची.

आज तिनं बटणांकडे नुसतं बघितलं. हात पुढे आला नाही.

‘अगं, लाव की,’ मुकादम म्हणाला.

‘जाऊन या आधी,’ ती म्हणाली आणि आत वळली.

बाहेर धुकं असं होतं, की स्वतःचा हात लांब केला तर परक्याचा वाटावा. आमच्याकडचा हिवाळा तुम्हाला काय सांगू? कपडे दोन दिवस वाळत नाहीत, दोरीवर ताठ होऊन माणसासारखे उभे राहतात. नळाचं पाणी दातांत शिरतं. बोलायला तोंड उघडलं की वाफ निघते, त्यामुळे शाळेत जाणारी पोरंसुद्धा विडी ओढल्यासारखी दिसतात. मुकादम स्वतःचीच वाफ बघत, भिंतीला हात लावत कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचला.

दार ढकललं. आत दिवा मिणमिणत होता. आरसा वाफ धरून पांढरा झाला होता. खुर्चीमागे नेहमीचा न्हावी नव्हता, दुसराच कोणी होता. डोक्याला, कानांना, तोंडाला मफलर गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे.

‘मालक कुठाय?’

‘अजून यायचाय. तुम्ही बसा. कोट द्या, मी ठेवतो.’

आवाज मफलरमधून बसका येत होता. मुकादमानं कोट दिला आणि कुडकुडत खुर्चीत बसला. गळ्याभोवती कापड पडलं. गालावर साबण लागला आणि मुकादम ओरडला.

‘अरे, पाणी तापवशील की नाही? माणसाची दाढी करतोस की मढ्याची?’

‘पाणी असंच असतं,’ तो म्हणाला. ‘सवय होते.’

मुकादमानं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला गंमत सुचली. कारण त्या माणसानं डोक्याला एवढं गुंडाळून अंगात नुसता पातळ शर्ट घातला होता. आणि शर्टाची बटणं एक घर चुकली होती.

‘वा! माझाच भाऊबंद दिसतोस. बटणं बघ जरा.’

‘मी नाही लावली.’

‘मग कोणी, बायकोनं?’

‘बायकोनं अशी लावली नसती.’ वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरला. सर्र... सर्र... ‘मान वर करा.’

मुकादमानं मान वर केली. वस्तरा गालावरून उतरला. इतका गार, की जिथून गेला तिथलं कातडं आपलं नाहीच असं वाटावं. नुसतं गप्प बसवेना, म्हणून मुकादमानं न्हाव्याच्या खुर्चीत सगळेच विचारतात ते विचारलं, उत्तराची वाट न बघता विचारतात ते.

‘काय मग, तुमच्याकडे थंडी कशी काय?’

वस्तरा हवेत थांबला. जणू कोणी पहिल्यांदाच त्याची विचारपूस केली होती.

‘आमच्याकडे... बारा महिने थंडीच.’

‘डोंगरात राहतोस?’

‘नाही. सपाट आहे. चार भिंती. वारा नसतो. फक्त एक आवाज असतो, घर्रर्र... मोठ्या पंख्यासारखा. थांबला की बरं वाटतं. मग पुन्हा सुरू होतो.’

‘आणि ऊन?’

‘ऊन नाही. पिवळा दिवा आहे एक. बाहेरचा माणूस जाताना बंद करतो.’ वस्तरा पुन्हा गालावर आला. ‘वास मात्र छान असतो. सफरचंदांचा.’

मुकादमानं श्वास घेतला. साबणाचा वास नव्हताच तिथे. पेटीचं झाकण उघडावं तसा गोड, गार वास नाकात भरला होता. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आपण बोलतो तेव्हा तोंडातून वाफ निघते. हा एवढा बोलला... मफलरमधून एकदाही वाफ निघाली नाही.

‘आधी बोटं दुखतात,’ तो सांगत होता, अगदी शांतपणे, जसा कोणी गावचा रस्ता सांगतो. ‘मग दुखायची थांबतात. माणसाला वाटतं, बरं झालं. तिथे घाबरायचं असतं खरं तर. मग उकडायला लागतं.’

‘उ... उकडतं?’

‘फार. शर्ट काढून टाकावासा वाटतो. मी काढला. घडी करून पेटीवर ठेवला.’

 ती घडी मुकादमानं पाहिली होती. फक्त त्यानंच.

कारण, आता तुमच्यापासून काय लपवायचं, चोरीबिरी काही नव्हती. धाकटा दिवसाढवळ्या, मुकादमाच्याच सांगण्यावरून पेट्या आणायला आत गेला होता. आत घालायचा जाड कोट मुकादमानं गंमत म्हणून लपवला होता, आणि धाकटा आत शिरताच गंमत म्हणून बाहेरून कडी घातली होती. कडी असली तरी आतून दार उघडणारी कळ मोडलेली होती, ती दुरुस्त करायचं काम मुकादमच उद्या-उद्या म्हणत होता. धाकट्यानं आतून दार वाजवलं. मुकादमानं बाहेरून ताल धरून उत्तर दिलं, ठक-ठक, ठक! आणि पोट धरून हसला. ‘पाच मिनिटं रे! गंमत!’ तेवढ्यात फाटकावर ट्रक आला, ड्रायव्हरशी वाद झाला, वाद मिटला म्हणून चहा झाला, चहावर गप्पा झाल्या... आणि गंमत त्याच्या डोक्यातून निघून गेली. सुट्टी होऊन हमाल घरी गेल्यावर आठवली, तेव्हा दारामागे कोणी वाजवत नव्हतं. त्यानं एकट्यानं धाकट्याला पुन्हा शर्ट चढवला, विजारीच्या खिशात दोन सफरचंदं कोंबली, आणि मग आरडाओरडा केला.

वस्तरा गालावरून खाली, गळ्याच्या घाटीवर येऊन टेकला.

‘शर्ट चढवलात ते बरं केलंत. उघडा दिसलो असतो तर लाज वाटली असती ताईसमोर. पण बटणं एक घर चुकलात, भावोजी.’

मुकादमाला थुंकी गिळायची होती. गिळली असती तर घाटी वस्तऱ्यावर आली असती. तो तसाच, तोंडात थुंकी धरून बसला.

‘आज साहेबापुढे काय सांगणार?’

‘ख... खरं,’ मुकादम ओठ न हलवता म्हणाला. ‘खरं सांगेन. आईशप्पथ... कडी मी घातली. चोरी नव्हती. सगळं सांगेन. तू... तू ते आधी गळ्यावरून काढ.’

 कुठेतरी पंख्यासारखी घरघर सुरू झाली, आणि त्या दुकानात पंखा नव्हता.

‘बघा हं,’ तो म्हणाला. ‘पाच मिनिटं देतो.’

आणि खुर्चीच्या लाकडी हातावर बोटं वाजली. ठक-ठक... ठक.

मुकादमानं डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा मागे कोणी नव्हतं. त्यानं खुंटीवरचा कोट ओढला, तसाच अंगात चढवला, आणि अर्ध्या गालाला साबण घेऊन धुक्यात धावत सुटला.

पुढच्याच वळणावर तो कोणावर तरी आदळला. तो होता नेहमीचा न्हावी, हातात किल्ल्यांचा जुडगा.

‘अहो मुकादम! धुक्यात कुलूप सापडेल की नाही या काळजीत मी येतोय, आणि तुमची अर्धी दाढी होऊन गेली? कोण हा माझ्या पोटावर पाय देणारा? आणि केली ती अर्धीच! नवशिका दिसतो.’

मुकादम त्याला बाजूला सारून चालू लागला. पण गंमत बघा माणसाची. ओळखीच्या माणसाचा ओळखीचा टोमणा कानावर पडला, तसा त्याचा जीव थोडा भांड्यात पडला.  थोडं पुढे गेल्यावर त्याला वाटलं, नवीन पोरगा असेल, चावट असेल, कोणीतरी शिकवून पाठवलेला असेल. माझ्याच जातीचा, खोडकर. घराच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत त्यानं कोटाची बटणं लावली होती, नेहमीसारखी एक घर चुकून, आणि त्याचं पक्कं झालं होतं. साहेबापुढे जुनंच सांगायचं. चोरी करायला शिरला, दार लागलं, संपलं. मेलेला काय साक्ष देणार आहे? मनातल्या मनात तो हसलासुद्धा.

बायको शाल पांघरून, चपला घालून उंबऱ्यात उभीच होती.

‘तू कुठे निघालीस?’

‘तुमच्याबरोबर. साहेबाकडे. माझा भाऊ होता, मी ऐकायला नको?’ ती बोलली तशी तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. मुकादमाला ती वाफ बघून फार बरं वाटलं.

‘चल. तुलाही ऐकू दे एकदा. चोर तो चोर, नातं असलं म्हणून काय झालं?’ असं म्हणून त्यानं गालावरचा वाळलेला साबण पुसायला रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला.

हाताला रुमाल लागला नाही. गोल, घट्ट काहीतरी लागलं, इतकं गार की बोटं चिकटली. त्यानं ते बाहेर काढलं. सफरचंद होतं. त्यावर बर्फाची पांढरी बुरशी धरली होती. दुसऱ्या खिशात हात घालायची गरज नव्हती. तो खिसाही तेवढाच जड होऊन लोंबत होता.

बायकोनं सफरचंदाकडे बघितलं.  मुकादमाची बोटं दुखायला लागली होती. बघता बघता ती दुखायची थांबली.

‘अगं...’ तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडातून वाफ निघाली नाही. ‘अगं, मला... उकडतंय जरा. ही बटणं... एवढी बटणं सोडून नीट लावून दे ना. साहेबापुढे जायचंय.’

ती जवळ आली. लग्न झाल्यापासून रोज यायची तशी, अगदी छातीपाशी. चुकलेल्या पहिल्या बटणावर तिनं बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

‘राहू देत तशीच,’ ती म्हणाली. ‘धाकट्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या शर्टाची अशीच होती. साहेबालाही कळू दे की, कोणाच्या हातची आहेत.’