पाणी तुझं

हुमैदची बायको झुवैना रात्री पाटाच्या कडेवरून घसरली, मनगट मोडून घेतलं, आणि त्यांच्या खजुराच्या बागेत दिवे लावायचं ठरलं. निझवाकडच्या त्या गावात बागा म्हणजे काळोखाच्या खोल्याच. आणि रात्री पाणी वळवायला उठायची ती तीच. हुमैदचे गुडघे कधीचेच गेलेले.

पुतण्या नासरने मोठा पांढरा झोत आणून भिंतीवर चढवला. "काका, आता मुंगी लंगडली तरी दिसेल."

"मुंगी दिसेल रे. पण तारे?"

"तारे कशाला? पाण्याची पाळी मोबाईलवर कळते."

पूर्वी पाळी ताऱ्यांवर चाले. हुमैदचा थोरला भाऊ खलफान पाटाकडेला उताणा पडून डोंगराचा माथा बघत राही. ठरलेला तारा वर आला, की हाक घाली, "हुमैदऽ, पाणी तुझं." त्या हाकेला ओल्या मातीचा वास असे. खलफानच्या डाव्या पायाची करंगळी फावड्याने गेलेली. चिखलात चार बोटं उमटलेली दिसली, की पोरं म्हणत, खलफान येऊन गेला. त्याला मातीत ठेवूनही आता फार दिवस झाले.

झोत लागला त्याच रात्री हाक आली. अडखळत. "पाणी कुणाचं... तारा दिसंना..." पहाटेपर्यंत कोणीतरी पाटातून पाय ओढत, चाचपडत फिरत होतं.

सकाळी हुमैदने झोत उतरवायला लावला.

"काकू परत पडली म्हणजे?" नासर वैतागला.

"खाली बघणारे दिवे आण. पिवळे, गुडघ्याएवढे, वरून झाकलेले. वाट दिसावी, आभाळ विझू नये."

झुवैना हसली. "म्हाताऱ्याची उजेडातही काटकसर."

बुटके दिवे लागले. पायवाट, पायऱ्या, पाटाची कड, सगळं खजुराच्या पाकासारख्या उजेडात न्हालं, आणि वर लहानपणीचं आभाळ परत आलं. त्या रात्री हाक आली ती मोकळी, तरणीबांड. "हुमैदऽ, पाणी तुझं." भ्यायला हवं होतं. हुमैदचे डोळे मात्र भरून आले. मग रोज तो त्या हाकेची वाट बघत जागा राही.

काल रात्रीची, इशाची नमाज आटोपून दोघं ओट्यावर कॉफी घेत होती. तारा माथ्यावर आला.

"झुवैनाऽ, पाणी तुझं."

झुवैनाच्या नावावर पाण्याचा थेंबही नाही. ती मात्र पेला ठेवून उठली, ओ द्यायला तोंड उघडलं. हुमैदने तिचा हात धरला.

"बस."

"अहो, कोणी बोलावतंय..."

"बस म्हणतो ना." मग तो काळोखाकडे वळला, हळूच म्हणाला, "ओ... तिला नको रे खलफान. मी येतो."

पाटाची खळखळ थांबली. सगळ्यात जवळच्या दिव्याखाली दोन ओले पाय येऊन उभे राहिले. दिवे गुडघ्याएवढे, त्यावर नुसता काळोख, आणि त्याच्याही वर तारे.

हुमैदने डावा पाय नीट न्याहाळला. पाचही बोटं होती.