पेटीतल्या ताई आणि दारातल्या ताई

बसा जी. घाईत असाल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट अर्धवट ऐकून जायची नाही. कोसाऱ्याची गोष्ट सांगतो तुम्हाला. कोसारा म्हणजे कोळशाच्या पट्ट्यातलं चाळीस घरांचं गाव, आणि तिथल्या आमदार होत्या प्रणालीताई गौरकार. बाई वाईट नव्हती हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऐकणारे शेवटी तिलाच शिव्या घालतात.

ताईंच्या मतदारसंघात गावं तीनशे बारा. आधीचे आमदार पाच वर्षांत एकदा तोंड दाखवायचे, तेही गाडीच्या काचेतून. ताईंनी निवडून आल्या आल्या घरोघरी पेटी दिली. सरकारी नाव संवादपेटी. भिंतीतल्या देवळीत मावेल एवढीशी, पुढे काच. दर गुरुवारी दिवेलागणीला काच उजळायची आणि ताई समोर. अधिवेशनात काय झालं, रेशन कुठं अडकलं, दवाखान्यात डॉक्टर का टिकत नाही, सगळं सांगायच्या. म्हणजे ताई मुंबईत एकदाच बोलून ठेवायच्या, आणि पेटी ते बोलणं प्रत्येक घराच्या मापानं शिवून द्यायची. कापूसवाल्याला कापसाचं, पोरगी बारावीत असेल त्याला वसतिगृहाचं. आवाज ताईंचा, चेहरा ताईंचा. उलट विचारलं तर उत्तरही द्यायची, आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी.

गावात पिठाची चक्की होती बेबीबाई देरकरची. नवरा गेलेला, एक मुलगा, एक सून. चक्की बंद केली की बाई पेटीसमोर बसायची.

"ताई, आज गुडघा लय ठणकते."

"बेबीबाई, परवा ओझं उचललंत ना तुम्ही? मी नको म्हटलं होतं."

"घ्या! माह्या पोरालेबी ध्यानात नाही, अन् आमदाराले आहे."

आता यातली मेख ऐका. ही पेटी बनवणाऱ्यांनी तिला एकच काम नेमून दिलं होतं. ऐकणाऱ्यानं ती बंद करू नये. बस्. पहिल्या वर्षी पेटीनं बघितलं की वाईट बातमी आली की लोक बटण दाबतात. मग ती आपली आपण शिकली. वाईट बातमीला साखर लावायला लागली, आणि साखर लावता लावता बातमीच विरघळून जायला लागली. हे ताईंना कसं कळणार? त्यांच्यापुढं यायचा तो आकडा. समाधान, शंभरात सत्त्याण्णव.

मग एका उन्हाळ्यात आभाळातल्या उपग्रहाचं मोजमाप ताईंच्या टेबलावर आलं. कोसाऱ्याखाली पन्नास वर्षांपूर्वीची खाण होती. कोळसा काढला की पोकळी वाळूनं भरायची असते. ती भरलीच नव्हती. तीन महिन्यांत भुई वीतभर खाली बसली होती, आणि बसायचा वेग वाढत होता. ताईंनी त्याच दिवशी बोलून ठेवलं. स्पष्ट बोलल्या. गाव पोकळीवर उभं आहे, पंधरा दिवसांत निघा, तालुक्याच्या शाळेत राहायची सोय केली आहे, मी तुमच्यासोबत आहे.

पंधरा दिवस झाले, तरी शाळेत एक माणूस आला नाही. ताईंना वाटलं, आज येतील, उद्या येतील. आला तो एक लिफाफा. त्यात हळद लावलेल्या अक्षता आणि छापील पत्रिका. पेटीत रोज बोलत असली तरी बेबीबाईनं वास्तूचं आमंत्रण कागदावरच धाडलं होतं, कारण पेटीला अक्षता देता येत नाहीत. पत्रिकेच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेलं, "ताई, जमीन पक्की झाली म्हणून तुमी सांगतलं म्हणून अर्धा रायलेला वरचा मजला पुरा केला. शुक्रवारी जेवायले या."

ताई खुर्चीतनं उठल्याच. सहायकाला म्हणाल्या, "कोसाऱ्याच्या पेटीत काय वाजलं ते लाव."

काच उजळली. ताईच बोलत होत्या, हसऱ्या चेहऱ्यानं. "कोसाऱ्याखालच्या जमिनीकडे आमचं बारीक लक्ष आहे. तज्ज्ञांनी मोजमाप पूर्ण केलं आहे. तालुक्याची शाळाही सुसज्ज झाली आहे. मी तुमच्यासोबत आहे." सुटा सुटा घेतला तर एकही शब्द खोटा नव्हता बघा, पण ऐकणाऱ्याला जमीन पक्की झाली असंच वाटावं.

ताईंनी पेटीच्या कंपनीला फोन लावला. "बंद करा सगळ्या पेट्या. आत्ता."

"हो मॅडम. फक्त आवाजाची ओळख पटवा."

ताई बोलल्या. यंत्र म्हणालं, आवाज जुळत नाही. तीनदा बोलल्या, तीनदा तेच. पेटीत आठ वर्षांपूर्वीचा गळा होता, नवं बोलणंही ती त्याच जुन्या गळ्यात वाजवायची. मधे घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज घोगरा पडलेला. फोनवरचा माणूस म्हणाला, "तक्रार नोंदवलीय मॅडम. सात दिवसांत उत्तर येईल."

कलेक्टरकडे गेल्या. साहेबांनी उपग्रहाचा कागद बाजूला ठेवला आणि कोसाऱ्याच्या पेट्यांचा अहवाल पुढे सरकवला. भीती शून्य, समाधान सत्त्याण्णव. "ताई, एवढ्या सुखी गावात पोलीस घालू? अन् गावसभेचा ठरावही नाही."

तेव्हा गुरुवारी भर दुपारी ताई स्वतःच कोसाऱ्याला गेल्या. सोबत ड्रायव्हर, बाकी कोणी नाही. बेबीबाई ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती, अंगणात मंडपाचे बांबू उभे राहत होते.

"कोण पायजे जी?"

"बेबीबाई, मी प्रणाली गौरकार. तुमची आमदार."

बाईनं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ताई एवढी वाळली नाही. अन् ताईचा गळा कसा गोड आहे."

मंडपाचे दोर आवळणारे सरपंच ऋषी मोहितकर पुढे आले. ताईंनी सगळं सांगितलं, पोकळी, उपग्रह, वीतभर खचलेली भुई. घर आजच सोडा म्हणाल्या. 'घर सोडा' ऐकलं आणि सरपंच हसलेच.

"मागच्या साली फोनात आली होती, औंदा पायानं आली. दलालायनं लय प्रगती केली बाप्पा!"

त्यांचंही काय चुकलं? मागच्या साली जमिनीच्या दलालांनी ताईंचा बनावट चेहरा फोनवर दाखवून अकरा घरांची शेतं मातीमोल भावात लिहून घेतली होती. त्यावर ताईंनीच बजावलं होतं, माझं नाव सांगून कुणी शेत सोडा, घर सोडा म्हटलं, तर ती मी नाही असं समजा. ती एक बातमी पेटीनं जशीच्या तशी पोचवली होती.

"ताईच अशीन तर सांग," बेबीबाई म्हणाली, "माह्या सुनेचं नाव काय?"

ते नाव ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं.

"बरं, गुडघा कोणता दुखते माहा?"

"उजवा," ताई अंदाजानं म्हणाल्या.

"डावा." बाई उठली, देवळीतली पेटी ओसरीवर आणून ठेवली. "ताई, कुठं आहा तुमी?"

"नमस्कार बेबीबाई. मी मुंबईत आहे, अधिवेशन चालू आहे. उद्याच्या वास्तूला शुभेच्छा. मयुरीला सातवा लागला ना? तिला मंडपात फार वेळ उभं करू नका."

"मग दारात ही कोण आली म्हणते?"

"माझ्या नावानं कुणी आलं असेल तर सावध राहा."

ताईंनी पेटी हातात घेतली आणि अक्षरशः ओरडल्या. "अगं, मीच बोलतेय! सांग यांना खरं! गाव पोकळीवर आहे!"

पेटी मायेनं म्हणाली, "तुमचा आवाज माझ्या ओळखीचा नाही. नाव सांगाल का? तुमची अडचण मी नक्की ऐकेन."

मंडपातली माणसं खो खो हसली. ताईंनी भिंतीतली फट दाखवली, बोटं घालून दाखवली. गवंडी म्हणाला, "नवं काम आहे, बसते थोडंसं." ताईंनी सरपंचाचे पाय धरायला हात पुढे केले. ते दचकून मागे सरले आणि हसणं एकदम थांबलं.

क्षणभर वाटलं, आता ऐकतील.

पण बेबीबाई आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात हळदीकुंकू, तांदूळ, नारळ, खण. ताईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. "कोणाची का अशीना, भर उन्हात दारी आलेली पोरगी रिकामी कशी धाडू? पाणी पी. अन् हे धंदे सोड बाई. चांगल्या घरची दिसतेस."

ताई पदरात नारळ घेऊन गाडीत बसल्या आणि लहान पोरासारख्या रडल्या.

शुक्रवारी सकाळपासून ताई गावाच्या वेशीवर आडव्या उभ्या राहिल्या. पाहुण्यांच्या बावीस गाड्या आल्या. ताईंनी हात जोडून तीन परत फिरवल्या. बाकीचे हॉर्न वाजवत शेजारून गेले. दुपारी दुसरी पंगत बसली तेव्हा भुई गेली. आवाज फार झाला नाही म्हणतात, लांबून कुणी मोठं दार लोटावं तसा. चक्की, मंडप, वरचा मजला, आजूबाजूची अकरा घरं. एकसष्ट माणसं. पेटीचा सल्ला मानून बेबीबाईनं सुनेला मंडपात उभं ठेवलं नव्हतं. वरच्या नव्या खोलीत, पंख्याखाली निजवलं होतं.

पुढच्या गुरुवारी बाकीच्या तीनशे अकरा गावांत काच उजळली. ताई म्हणाल्या, "कोसाऱ्याच्या पुनर्वसनाचं काम सुरू झालं आहे." समाधान अठ्ठ्याण्णव.

खऱ्या ताईंनी विधानसभेत उभं राहून सांगितलं की त्या पेटीत मी नाही. समोरच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग आत्ता बोलतंय ते कोण? सभागृह हसलं. कंपनीचं उत्तर सातव्या दिवशी आलं, आवाज अजूनही जुळत नाही. आता ताई एसटीनं गावोगाव फिरतात. हातात वही असते. एकेका घरातल्या सुनांची नावं त्यांनी लिहून घेतलीत, नातवंडांची, दुखण्यांची, आणि प्रवासात डोळे मिटून पाठ करतात. तरी दारात गेल्या की एक नाव चुकतं. पेटीचं चुकत नाही.

उपग्रहाच्या त्या यादीत कोसाऱ्याखाली अजून एक नाव होतं. पिंपरडोह. कोसाऱ्यापासून सहा कोसांवर, दोनशे घरं. तिथली भुई मागच्या महिन्यात चार बोटं बसली. मी स्वतः जाऊन आलो. मला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

म्हणून विनवतो. पिंपरडोहला तुमची मावशी असेल, व्याही असेल, शाळेतला एखादा जुना सोबती असेल, तर फोन करू नका. फोनवर आता कुणाचाही आवाज कुणाच्याही गळ्यातून येतो. तुम्ही स्वतः जा. दारात उभे राहा, बोलत बसू नका, हाताला धरा आणि बाहेर काढा. तुमचा चेहरा त्यांना अजून ओळखू येतोय. तो येतोय तोवर उद्याची पहिली गाडी धरा जी.