वडीला दहापैकी दहा

नीला गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा रविराज चाकणच्या कंपनीच्या कँटीनमध्ये डबा खात होता. सकाळी तिनंच डब्यात घातलेली नारळाची वडी हातात होती. ती त्यानं परत ठेवली. दहाव्याला, चिखलीच्या सासूबाईंसमोर, त्यानं बायकोच्या नावानं नारळाची वडी सोडली.

काही वर्षांनी पूनम त्याच कँटीनमध्ये आली. पिंपळे गुरवची, मानसशास्त्रात संशोधन करणारी. तिनं प्रत्येकापुढे बिस्किटं, चिवडा आणि नारळाच्या वड्या ठेवल्या. "चवीला गुण द्या. हवं तेवढं खा."

नंतर तिनं रविराजला गाठलं. "वडीला दहापैकी दहा? वड्यांच्या ताटलीचं वजन तर जसंच्या तसं आहे!"

"म्हणजे चवीचं नुसतं निमित्त? चोरून वजन करत होता होय?"

ती लाजली. "आधी सांगितलं की लोक जपून खातात. माणूस स्वतःला किती आवरतो, तेच तर मोजायचं असतं. तुम्ही... डाएटवर आहात?"

"हे पोट डाएटवाल्याचं वाटतं, मॅडम?"

ती खळखळून हसली. मग त्यानं नीलाचं आणि सोडलेल्या वडीचं सांगितलं; दहा गुण तिच्या हातच्या चवीला होते. पूनमनं प्रश्नावली उलटून पाहिली. "आमचे सगळे प्रश्न वजन वाढायच्या भीतीचे. हे त्यात बसतच नाही."

"मग एक वाढवा की... कुणासाठी सोडलंय?"

त्या प्रश्नाचं निमित्त करून ती कासारवाडी स्टेशनबाहेर भेटू लागली. वडापाव निम्माच खायची, उरलेला पर्समध्ये.

"घरी जाऊन खाता ना?"

"कसलं घर! रिक्षातच."

"आणि आम्हाला मोजता? माझ्यासमोर अख्खा खा बघू."

तिनं खाल्ला. हनुवटीला चटणी लागली. रविराज बघतच राहिला... आणि त्यालाही कडकडून भूक लागली.

एका संध्याकाळी तिनं डबा पुढे केला. "वडी केली होती – पण पडलीच नाही. चमच्यानं खावी लागेल."

"मग ही वडी नाहीच! खायला हरकत नाही."

"पळवाट नको. वडी म्हणूनच खा. तोवर मी थांबते."

"किती थांबशील गं?" तो पहिल्यांदाच एकेरीवर आला.

"तुला खावीशी वाटेपर्यंत."

त्यानं झाकण लावलं, पण तिचा हात सोडला नाही. "मला तू फार आवडतेस, पूनम. पण वडी सासूबाईंसमोर सोडलीय, त्यांच्यासमोरच खाईन. येशील?"

"येते. पण वडी नवीन करून."

रविवारी चिखलीला जायचं ठरलंय. सासूबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही.