अर्ध्या तासाची चप्पल

ते साल दोन हजार अठरा. मी सदुसष्ट वर्षांची, दिघीच्या शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटी. अलिबागहून मुलाने, यशोधनने, मधुमेहाची खास चप्पल धाडली आणि मी ती नवीकोरी घालून थेट धक्क्यावर गेले. आगरदांड्याची फेरीबोट यायची होती.

"बाई, टाचेतून रक्त येतंय."

मला काहीच कळलं नव्हतं. पायांची जाणीव कधीच गेली होती. सांगत होते चंदर नाखवा... होडी मुलाकडे सोपवून बसलेले, डाव्या पायाला चारच बोटं.

"माझं बोट असंच गेलं. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास, तीही घरातल्या घरात. मग तळवा बघायचा."

"घरात चप्पल? देव काय म्हणतील!"

"देवांना मी समजावतो. तळवा कोण बघतं तुमचा?"

"कोणी नाही," मी म्हटलं. इतकी वर्षं ते मोठ्याने म्हटलं नव्हतं.

जखम भरायला तीन आठवडे गेले. मग ते रोज पाचला येऊ लागले. देवघराचा पडदा ओढून मी ओटी ते माजघर फेऱ्या मारायची. त्याआधी ते चपलेत हात घालून वाळूचा कण शोधायचे. नंतर चष्मा लावून माझा तळवा बघायचे. पहिल्या दिवशी मी पाय मागे घेतला.

"लाजता काय, बाई? मासा ताजा हाय का, तेवढंच बघतो."

"मग... आहे का?"

"हाय तर!"

अर्धा तास, एक तास, दोन तास. अठराव्या दिवशी चप्पल पायात पुरती बसली. आता ते कशाला येतील?

"अजून लागतेय," मी म्हटलं.

"कुठं? लाली तर न्हाय."

"लागतेय म्हणजे लागतेय!"

ते हसले. "बाई, तुम्हाला लागलेलं कळत असतं, तर मी आलो असतो का?"

माझी मान खाली गेली. "...तरी या, नाखवा."

ते तीन वर्षं येत राहिले. लग्नबिग्न काही नाही. गाव बोललं आणि थकलं. मग एका सकाळी नाखवा झोपेतच गेले, उरलेली नऊ बोटं शाबूत ठेवून. त्यांचा मुलगा अजून होडी नेतो, धक्क्यावर मी दिसले की आधी माझ्या पायांकडे बघतो. यशोधन अलिबागला बोलावतो. मी जात नाही. त्याने आरसा दिलाय. पाच वाजता तो जमिनीवर ठेवते, वर पाय धरते. तळवा स्वच्छ दिसतो.

ताजा आहे, असं मात्र कोणी म्हणत नाही.