कार्बोरेटरमधलं मेण

पेट्रोलचा वास आधी आला, मग तो आला. घामाघूम, एका हाताने इंजिन बसवलेली सायकल ढकलत, आणि दुसऱ्या हातात... चक्क सोनचाफ्याची पुडी! वालीवच्या त्या गॅरेजच्या शेडमध्ये आजवर कुणी फुलं घेऊन शिरलं नव्हतं.

“मेकॅनिक कुठे आहेत?”

“समोर बसलीय,” ज्ञानदा म्हणाली.

तो असा दचकला की सायकल हातातून सुटता सुटता राहिली. “सॉरी हां... म्हणजे मला वाटलं...”

“काय वाटलं ते कळलं. गाडीला काय होतंय?”

त्याचं नाव केनी. राहणार वटार, शाळेत विज्ञानाचा शिक्षक. सायकलला इंजिन त्याने हौसेने स्वतःच बसवलं होतं आणि आता कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत होतं. ज्ञानदाने खालची वाटी उघडली. आतलं वॉशर चिरलं होतं. तिने नवं बसवलं, स्क्रू आवळले. जाताना त्याने चाफा टेबलावर ठेवला. “राहू द्या इथेच. पेट्रोलच्या वासावर उतारा.”

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर. गळती तीच, स्क्रू सैल, आणि चाफा ताजा. “इंजिन फार थरथरतं वाटतं,” ज्ञानदा पुटपुटली. केनी छताकडे बघत होता. गप्पा इतक्या लांबल्या की ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तिसऱ्या शनिवारी मात्र त्याचा चेहरा उतरला होता. “गळती तर आहेच... पण आता जोरही गेलाय. काल पुलावर मधोमध बंद पडली. मागून डंपर येत होता.”

ज्ञानदाने घाईने सायकल स्टँडला लावली. तिच्या हातून गेलेलं मशीन परत येत नाही, हे वडिलांनी, जयवंतरावांनी, चारचौघांत अभिमानाने सांगावं, आणि हे दुसऱ्यांदा परत! तिला रडूच यायचं बाकी होतं.

“वटारपासून इथवर वीस गॅरेजं लागतात,” जयवंतराव मागून म्हणाले. “हा इथेच का येतो, विचार केलास कधी?”

ज्ञानदाने कार्बोरेटर खोलला. पेट्रोल जाण्यासाठी बारीक भोक असलेला पितळी तुकडा, म्हणजे जेट, काढून उजेडात धरला. आत काहीतरी पांढरं होतं. तारेने उकरून तिने ते बोटांत चोळलं आणि ती थक्कच झाली. मेण! तिने कार्बोरेटरमध्ये वाळू पाहिली होती, गंज पाहिला होता, मुंग्याही पाहिल्या होत्या. पण मेण?

“हे तूच घातलंस ना? दर शनिवारी इथे यायला?”

“मेण? देवाशप्पथ, मेण मी नाही घातलं!”

“मशीनशी खेळणाऱ्यांचं काम मी करत नाही. पुन्हा येऊ नकोस.”

केनी पांढराफटक पडला. त्याने वाटी कशीबशी बसवली आणि सायकल ढकलत निघून गेला. जेट ज्ञानदाच्या मुठीतच राहिला होता, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा केनी दिसेनासा झाला होता.

रात्रभर तिला झोप नाही. परक्याची वस्तू ठेवून घ्यायची नाही, असं स्वतःला बजावत ती रविवारी सकाळी विचारत विचारत वटारला केनीच्या घरापाशी पोचली. केळीच्या बागेतून आत वळली आणि जागच्या जागी थिजली. केनीची आई, मटिल्डाबाई, सायकलपाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात पेटती मेणबत्ती... आणि ती तिरकी धरून, पेट्रोल ठिबकत होतं तिथे, त्या गरम मेण सोडू पाहत होत्या!

“मावशी!”

ज्ञानदाने झेप घेतली, मेणबत्ती हिसकावली आणि पाटाच्या पाण्यात भिरकावली.

“अगो बाय, कोण तू? ती चर्चची मेणबत्ती आहे! आशीर्वाद दिलेली!”

“मावशी... ते पेट्रोल आहे. भडका उडाला असता!”

“दोनदा लावलंय मी याआधी. काही नाही झालं.” मटिल्डाबाईंचा आवाज मात्र कापायला लागला होता. “थेंब थेंब गळत होतं. म्हटलं, भोकही बुजेल आणि पोराला देव सांभाळेल.”

“मेण पेट्रोलमध्ये विरघळतं, मावशी. तेच फटीतून आत झिरपलं आणि जेटमध्ये जाऊन गोठलं. म्हणून तर गाडी पुलावर बंद पडली.”

मटिल्डाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि उठून त्या सायकलपासून दोन पावलं मागे सरकल्या. आरडाओरडा ऐकून केनी धावत आला होता, अर्ध्या गालावर दाढीचा फेस.

“माफ कर,” ज्ञानदा म्हणाली. “मी उगाच तुझ्यावर...”

“नको, माफी नको मागू.” त्याची नजर पाटात तरंगणाऱ्या मेणबत्तीवर होती. “मेण मम्मीचं. पण गळती... गळती माझी. पहिल्यांदा खरी होती. नंतर मीच स्क्रू सैल करायचो, अर्धा फेरा. तुझ्याकडे यायला दुसरं कारणच सुचेना. आणि त्यापायी आज मम्मी...”

मटिल्डाबाईंनी त्याच्या पाठीत जोरदार धपाटा घातला. “आणि शाळेत विज्ञान शिकवतोस?”

ज्ञानदाला संतापायचं होतं. ती संतापलीही होती. पण फेसातून ओघळणारे त्याचे अश्रू पाहताना तिला कळून चुकलं, की आपण या मूर्खाच्या प्रेमात पडलोय. पेटत्या मेणबत्तीपेक्षा तिला या गोष्टीचा धक्का मोठा होता.

तिने त्याचाच स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, जेट बसवला, स्क्रू आवळले आणि तो स्क्रूड्रायव्हर आपल्या पर्समध्ये टाकला.

“हा आता माझ्याकडे राहणार.”

“मग मी... यायचं कसं?”

“काही न बिघडवता येऊन बघ एकदा.”

शनिवारी तो आला. ज्ञानदाने सवयीने आधी सायकलखाली पाहिलं. जमीन कोरडी होती.

“काय बिघडलंय?”

“काहीच नाही.” कानापर्यंत लाल होत त्याने चाफ्याची पुडी पुढे केली. “तुला भेटायला आलोय.”

जयवंतरावांना एकाएकी चहा आणायची आठवण झाली. ज्ञानदाने काळे हात फडक्याला पुसले, फुलं घेतली आणि पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.